परराष्ट्र सेवेचं चारचौघांतलं काम

नाशिकरोडच्या एका विद्यार्थिनीनं मला विचारलं आहे: "मी बीएच्या शेवटच्या वर्षाला आहे, यूपीएससीची तयारी चालू आहे. पसंतीक्रमात परराष्ट्र सेवा पहिली लिहावी असं फार वाटतं. पण राजदूत बातम्यांत दिसतात ते हात मिळवताना, फीत कापताना, नाहीतर पार्टीत ग्लास घेऊन उभे असताना. खरं काम बंद दाराआड होतं असं सगळे सांगतात. मग हा दिखाऊ भाग कशासाठी? आणि मराठी माध्यमात शिकलेल्या, चारचौघांत बोलायला बिचकणाऱ्या मुलीला तो जमेल का?"

माझी सगळी नोकरी परराष्ट्र सेवेत गेली. निवृत्त झाल्यावर नाशिकला परतले, आणि आता इथल्या स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींशी बोलणं होतं तेव्हा हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत कानावर येतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बंद दाराआडचं काम खरं आणि लोकांसमोरचं दिखाऊ, ही विभागणीच मला मान्य नाही. अडचणीच्या दिवशी यजमान देशात तुमचं ऐकून कोण घेणार, तुमचा फोन कोण उचलणार, तुमच्या शब्दावर कोण विश्वास ठेवणार, हे साध्या दिवसांत ठरतं आणि बरंचसं लोकांसमोर ठरतं. शिवाय कधीकधी बंद दाराच्या आत तुम्हाला जागाच नसते. त्याचं उदाहरण पुढे येतंच.

तुम्ही हात मिळवण्याचा उल्लेख केलात, तर तिथूनच सुरुवात करते. १८ फेब्रुवारी २०१९. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात कुलभूषण जाधव खटल्याची सुनावणी होती. पुलवामाच्या हल्ल्याला चारच दिवस झाले होते. पाकिस्तानच्या ॲटर्नी जनरलनी आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचे सहसचिव दीपक मित्तल यांच्यापुढे हात केला. मित्तलांनी दोन्ही हात जोडून नमस्कार केला. बस, एवढंच. तो फोटो सगळीकडे छापून आला.

आता त्याच वर्षीचा १६ ऑगस्ट घ्या. न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत काश्मीरवर बंद दाराआड चर्चा झाली. त्या खोलीत भारत नव्हता, कारण तेव्हा आपण परिषदेचे सदस्य नव्हतो. अशा अनौपचारिक चर्चेचं अधिकृत इतिवृत्तही प्रसिद्ध होत नाही. चर्चा संपल्यावर चीन आणि पाकिस्तानचे प्रतिनिधी बाहेर आले, आपापलं निवेदन करून प्रश्न न घेता गेले. मग संयुक्त राष्ट्रांतले आपले स्थायी प्रतिनिधी सय्यद अकबरुद्दीन आले. त्यांनी प्रश्न घेतले, पाकिस्तानी पत्रकारांचेही घेतले. त्यांतल्या एकीनं विचारलं की पाकिस्तानशी संवाद कधी सुरू करणार. अकबरुद्दीन माइक सोडून पुढे आले आणि तिथल्या तीन पाकिस्तानी पत्रकारांशी एकामागून एक हात मिळवून परत जागेवर गेले.

एकाच वर्षात, एकाच शेजाऱ्याच्या बाबतीत, एका भारतीय अधिकाऱ्यानं हात मिळवला नाही आणि दुसऱ्यानं चार पावलं चालून जाऊन मिळवला. मी दोन्ही बरोबर मानते. हेगमध्ये समोर सरकारचा माणूस होता आणि इकडे देशात चाळीस घरांत सुतक होतं. हसून हात मिळवला असता तर त्या घरांना काय वाटलं असतं? आणि पाठ फिरवली असती तर न्यायाधीशांसमोर आपण उद्धट ठरलो असतो. नमस्कारात सभ्यताही राहिली आणि अंतरही. न्यूयॉर्कमध्ये समोर पत्रकार होते. आपलं भांडण तिथल्या माणसांशी नाही, हे भारताला दाखवायचं होतं. आत काय झालं ते जगाला दिसलं नाही, बाहेरचं ते चित्रीकरण मात्र दिसलं. त्या दिवशी भारताला बोलायला जी एकमेव जागा होती ती लोकांसमोरचीच होती.

अशा गोष्टी त्या क्षणी सुचतात असं बघणाऱ्याला वाटतं. पण विषयाचा कागद न् कागद वाचून झालेला असतो, कोणते प्रश्न येतील याची यादी हाताखालच्या अधिकाऱ्यांनी तयार केलेली असते, उत्तरांवर दिल्लीशी बोलणं झालेलं असतं. एवढी तयारी असेल तरच माणूस मोकळा वागू शकतो.

आता पार्टीबद्दल. प्रत्येक वकिलात वर्षातून एकदा राष्ट्रीय दिनाचा स्वागत समारंभ करते. आपला बहुधा २६ जानेवारीच्या निमित्तानं असतो. सकाळचा कार्यक्रम वेगळा: राजदूत झेंडा फडकवतात, राष्ट्रपतींनी आदल्या संध्याकाळी देशाला उद्देशून केलेलं भाषण वाचून दाखवतात, तिथले भारतीय मुलांना घेऊन येतात, गाणी होतात, आणि मग गरम समोसे असतील तर कार्यक्रम चांगला झाला असं सगळे म्हणतात. संध्याकाळचा समारंभ यजमान देशासाठी असतो. दोन राष्ट्रगीतं, त्या देशाचा एखादा मंत्री प्रमुख पाहुणा, दोन छोटी भाषणं. राजदूत आणि त्यांचे जोडीदार दाराशी उभे राहून प्रत्येकाचं स्वागत करतात. पाय भरून येतात, चेहऱ्यावर ते दिसू द्यायचं नसतं.

पण खरी गंमत पाहुण्यांच्या यादीत आहे. गेल्या वर्षी परराष्ट्र मंत्रालयातून सचिव आले होते, यंदा उपसंचालक आले, म्हणजे कुठेतरी काहीतरी बिनसलं आहे. विरोधी पक्षाचे नेते पहिल्यांदाच आले, म्हणजे निवडणुकीचा वारा त्यांना लागला आहे. दोन शेजारी देशांचे राजदूत खोलीच्या दोन टोकांना उभे राहिले, तेही कोणाच्या तरी अहवालात जातं. राजनैतिक संबंधांविषयीच्या १९६१ च्या व्हिएन्ना करारातल्या तिसऱ्या कलमात वकिलातीची जी कामं सांगितली आहेत, त्यांत यजमान देशातली परिस्थिती कायदेशीर मार्गानं जाणून घेऊन आपल्या सरकारला कळवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. पार्टी हा तसा एक कायदेशीर मार्ग आहे. आणि बंदराचा जो अधिकारी तुमच्याकडे येऊन ढोकळा खाऊन गेला, त्याला तीन महिन्यांनी भारतीय खलाशी अडकल्याचा फोन केला तर तो तुम्हाला आवाजावरून ओळखतो. हे मी स्वतः अनुभवलं आहे, एकदा नाही. ज्यांना या समारंभांचा खर्च उधळपट्टी वाटते त्यांचा आक्षेप मला समजतो. जिथे नुसतीच रोषणाई आणि ओळखीपाळखीच्या लोकांची गर्दी असते तिथे तो खराही असतो. यादी विचारानं केली असेल तर मात्र नाही.

नुसतं हजर असणं हेही कधीकधी पूर्ण वाक्य असतं. १९६२ च्या युद्धानंतर चीनमध्ये आपली वकिलात चालू होती, पण राजदूत नव्हता, प्रभारी अधिकारी काम बघत. १९७६ मध्ये भारतानं के. आर. नारायणन यांना राजदूत म्हणून पेकिंगला, म्हणजे आजच्या बीजिंगला, पाठवायचं ठरवलं आणि परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाणांनी ते संसदेत जाहीर केलं. (हेच यशवंतराव १९६३ मध्ये आपल्या नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर निवडून गेले होते. आज इथल्या मुलांना ते फक्त मुक्त विद्यापीठाच्या नावापुरतेच माहीत असतात, याचं वाईट वाटतं.) सीमेचा प्रश्न काही सुटला नव्हता. पण राजदूत आला, त्यानं अधिकारपत्रं सादर केली, एवढ्यानं दोन्ही देशांतल्या लोकांना कळलं की बोलायचं ठरलं आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे येते, कारण या कामातला सगळ्यात अवघड भाग मला कांद्यावरूनच नीट सांगता येतो.

२९ सप्टेंबर २०१९ ला केंद्रानं कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. पाचच दिवसांनी, ४ ऑक्टोबरला, बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत दोन्ही देशांच्या उद्योजकांपुढे बोलायला उभ्या राहिल्या. मध्येच त्या हिंदीत बोलल्या: कांद्यामुळे आमची जरा अडचण झाली, मी आचाऱ्याला सांगितलंय, आता कांद्याशिवाय स्वयंपाक कर. सभागृह हसलं. पण पुढचं वाक्य महत्त्वाचं होतं. आधी कळवलं असतं तर आम्ही दुसरीकडून सोय केली असती, पुढे असं काही करायचं असेल तर आधी सांगा, असं त्या म्हणाल्या. तक्रार जाहीर होती, भाषा घरगुती होती, आणि मागणी एकदम नेमकी होती. लोकांसमोर कसं बोलावं याचा तो धडाच आहे, आणि तो आपल्याला समोरच्या बाजूनं दिला.

अशा वेळी त्या देशातल्या आपल्या उच्चायुक्तालयात काय होतं? सकाळपासून पत्रकारांचे फोन. सीमेवर ट्रक उभे, आत माल सडतोय. बाजारात भाव चढलेले, वर्तमानपत्रांत भारताबद्दल संताप. समजा, तिथल्या माइकसमोरची अधिकारी नाशिक जिल्ह्यातली आहे. लासलगावला भाव पडलेत, लिलाव बंद पाडलेत, घरचे फोनवर सरकारला शिव्या देताहेत, हे तिला माहीत आहे. आणि तरीही तिनं तिथे काय बोलायचं? देशात तुटवडा आहे म्हणून हा निर्णय घ्यावा लागला, तो कायमचा नाही, तुमची अडचण आम्ही दिल्लीला कळवली आहे. एवढंच. "मलाही हा निर्णय पटला नाही" हे तिनं म्हणायचं नाही. "पुढच्या आठवड्यात बंदी उठेल" हे तर मुळीच नाही, कारण ते तिच्या हातात नाही, आणि उठली नाही तर त्यानंतर तिच्या कुठल्याच शब्दाला किंमत राहणार नाही.

तुमच्या वयाच्या मुलांना हा दुटप्पीपणा वाटतो. मला तसं वाटत नाही. तिचं मत तिला बंद दाराआड पूर्ण ताकदीनं मांडता येतं, नव्हे, मांडलंच पाहिजे. या निर्णयानं इथे किती विश्वास गेला, पुढच्या वेळी किती दिवस आधी कळवायला हवं, किती टन सोडले तर इथला बाजार शांत होईल, हे सगळं त्याच रात्री दिल्लीला जातं. ८ डिसेंबर २०२३ ला पुन्हा बंदी आली तेव्हा दुसऱ्या देशाच्या सरकारनं विनंती केल्यास केंद्राच्या परवानगीनं कांदा पाठवता येईल, अशी वाट अधिसूचनेतच ठेवलेली होती. १ मार्च २०२४ ला त्याच वाटेनं बांगलादेशला ५०,००० टन आणि संयुक्त अरब अमिरातींना १४,४०० टन कांदा पाठवायला परवानगी मिळाली. विनंत्या, त्यांची छाननी, कोणाला किती, हे सगळं वकिलातींमधून फिरतं. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तीही टनामागे ५५० डॉलरचं किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. शेतकऱ्याचा राग खरा होता आणि आहे. माझं म्हणणं इतकंच की त्या रागाचं आणि शेजाऱ्याच्या संतापाचं ओझं एकाच वेळी खांद्यावर घेऊन माइकसमोर शांतपणे उभं राहणारं कोणीतरी लागतं.

द्राक्षांचं उदाहरण याच्या उलट आहे, तिथे लोकांसमोरचं काम थेट उपयोगी पडतं. २०१० मध्ये आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रक रसायनाचा अंश जास्त सापडला म्हणून युरोपात माल नाकारला गेला, आणि नाशिकच्या कित्येक बागायतदारांचं कंबरडं मोडलं. अशा वेळी नियमांची बोलणी तज्ज्ञ करतात. पण युरोपातल्या खरेदीदाराच्या मनातली शंका काढायला कोणीतरी तिथे दिसावं लागतं. बर्लिनला दर फेब्रुवारीत फळांचं मोठं प्रदर्शन भरतं, फ्रूट लॉजिस्टिका. भारताच्या दालनाची फीत राजदूत कापतात तेव्हा तो फोटोपुरता कार्यक्रम वाटतो. पण त्यानंतरचा तासभर बघा: राजदूत खरेदीदाराला ग्रेपनेटवर बागेची नोंद कशी होते, पेटीवरून माल कोणत्या प्लॉटचा ते कसं कळतं, हे समजावत असतात, आणि पिंपळगावचा निर्यातदार शेजारी उभा असतो. त्या खरेदीदारासाठी देशाच्या प्रतिनिधीनं स्वतः हे सांगणं हा एक प्रकारचा हवाला असतो.

लोकांसमोरच्या कामाचा जीवन-मरणाशी संबंध येतो तो संकटात. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमध्ये आपली हजारो मुलं वैद्यकीय शिक्षण घेत होती, महाराष्ट्रातलीही बरीच. कीव्हमधल्या आपल्या वकिलातीनं काढलेल्या सूचना एकापाठोपाठ एक वाचा. १५ फेब्रुवारीला म्हटलं: ज्यांचं राहणं आवश्यक नाही त्यांनी, विशेषतः विद्यार्थ्यांनी, तात्पुरतं देश सोडण्याचा विचार करावा. २० तारखेला: तात्पुरतं देश सोडावा. २२ तारखेला: ऑनलाइन वर्गांबाबत विद्यापीठाच्या अधिकृत खुलाशाची वाट न पाहता निघावं. २४ ला युद्ध सुरू झालं, हवाई हद्द बंद झाली. १ मार्चला खारकीव्हमध्ये आपला एक विद्यार्थी मारला गेला. २ मार्चच्या सूचनेत तीन गावांची नावं होती, पेसोचिन, बाबाये आणि बेझ्ल्युडोव्का. संध्याकाळी सहाच्या आत तिथे पोचा, वाहन मिळालं नाही तर चालत निघा.

पहिली सूचना इतकी मवाळ का, असं तेव्हा अनेक पालकांनी रागानं विचारलं. कारणं आहेत. यजमान देशाचं सरकार स्वतः लोकांना घाबरू नका म्हणत असताना परक्या वकिलातीनं "पळा" म्हटलं तर तो त्या सरकारवरचा अविश्वास ठरतो आणि गोंधळ माजतो. मुलांची हजेरी, फी, तिकिटांचे भडकलेले दर हेही होतंच. तरीही माझं मत असं आहे की पहिल्या सूचनेतच थोडं अधिक रोखठोक लिहिता आलं असतं. आणि परदेशात मूल शिकत असेल अशा नाशिकच्या प्रत्येक घराला माझं सांगणं आहे: वकिलातीची पहिली, सौम्य वाटणारी सूचना आली की तिकीट काढायचं. वकिलात उगाच काही लिहीत नाही. कडक भाषेची सूचना येते तेव्हा बहुतेक वेळा रस्ते बंद झालेले असतात. आणि तिथे पोचल्याबरोबर वकिलातीकडे नाव नोंदवायचं. यादीत नाव नसलेल्या माणसाला शोधणं किती कठीण असतं ते मी पाहिलं आहे.

आखाती देशांतल्या कामाबद्दल थोडंसं, कारण ते बातम्यांत क्वचित दिसतं. वकिलाती तिथे 'ओपन हाऊस' घेतात. ठरलेल्या दिवशी कोणीही भारतीय येऊन तक्रार सांगू शकतो. अधिकारी कामगारांच्या वसाहतींतही जातात. मी अशा एका वसाहतीत गेले होते, स्थानिक कामगार खात्याचा अधिकारी सोबत होता. एक सिन्नरकडचा मुलगा बराच वेळ मागे उभा राहिला, माझं आडनाव ऐकून पुढे आला आणि हळूच म्हणाला, "मॅडम, पासपोर्ट कंपनीकडंच ठेवलाय. मागितला तर सुट्टी कापतात." हे मला कार्यालयात बसून कळलं नसतं असं नाही. पण कंपनीचा व्यवस्थापक समोर असताना, खात्याच्या अधिकाऱ्याच्या देखत, मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून त्या मुलाचं नाव आणि पासपोर्टची माहिती वहीत लिहून घेतली, हे सगळ्यांनी पाहिलं. आठवड्याच्या आत त्या वसाहतीतल्या बऱ्याच जणांना पासपोर्ट परत मिळाले. आपला पासपोर्ट तुमच्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये छापला जातो. त्यात राष्ट्रपतींच्या नावे विनंती असते की धारकाला विनाअडथळा जाऊ द्यावं आणि लागेल ती मदत व संरक्षण द्यावं. ही विनंती परदेशात कोणीतरी उभं राहून मोठ्यानं करावी लागते. २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे, २०१५ पासून तक्रारींसाठी मदद पोर्टल आहे, दोन्हींचा उपयोग होतो. पण जाऊन बसण्याला पर्याय नाही.

या सगळ्याला एक कुंपण आहे. व्हिएन्ना कराराचं ४१ वं कलम सांगतं की यजमान देशाच्या अंतर्गत कारभारात ढवळाढवळ करायची नाही. रेषा कुठे आहे हे मात्र कोणी आखून देत नाही. औंधचे अप्पा पंत १९४८ मध्ये नैरोबीला भारताचे आयुक्त म्हणून गेले. ते परीक्षेतून आलेले नव्हते, नेहरूंनी निवडलेले होते. त्यांनी स्वतःला तिथल्या भारतीय व्यापाऱ्यांपुरतं आणि गोऱ्या अधिकाऱ्यांपुरतं ठेवलं नाही. आफ्रिकन नेत्यांशी मैत्री केली, आफ्रिकन विद्यार्थ्यांना भारतात शिकायला पाठवण्यासाठी धडपड केली. ब्रिटिशांना हे खुपलं, दिल्लीकडे तक्रारी गेल्या आणि १९५४ मध्ये त्यांनी नैरोबी सोडली. तेव्हाच्या राज्यकर्त्यांच्या दृष्टीनं त्यांनी मर्यादा ओलांडली होती. पण १९६३ मध्ये केनिया स्वतंत्र झाला तेव्हा भारताकडे तिथल्या माणसांची जी ओळख होती, तिच्यात अप्पांच्या त्या वर्षांचा वाटा मोठा होता. मला त्यांचं वागणं योग्य वाटतं. तसं वागायला मागे सरकारचा हात लागतो, हेही खरं. आजच्या अधिकाऱ्यानं आपल्या बळावर असं करायला जाऊ नये, आणि सोशल मीडियावर तर नाहीच. यजमान देशातल्या निवडणुकीबद्दल गमतीत केलेली एक ओळसुद्धा दुसऱ्या दिवशी तिथल्या मंत्रालयात तुम्हाला बोलावणं धाडू शकते.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येते.

बोलायला बिचकणं ही या सेवेत अडचण नाही. न ऐकणं ही अडचण आहे. फर्डं बोलणारे अधिकारी मी पाहिले आहेत. समारंभात ते सगळ्यांना आवडतात, पण रात्री अहवाल लिहायला बसल्यावर त्यांच्याकडे स्वतःचीच वाक्यं असतात. शांत माणसाला लोक जास्त सांगतात. पहिली काही वर्षं तुम्हाला व्यासपीठावर कोणी ढकलत नाही. मसुरीचं पायाभूत प्रशिक्षण, मग दिल्लीच्या सुषमा स्वराज परराष्ट्र सेवा संस्थेतलं प्रशिक्षण, मग थर्ड सेक्रेटरी म्हणून पहिली नेमणूक, आणि तिथे एक परदेशी भाषा सक्तीनं शिकायची. त्या काळात तुम्ही राजदूतांच्या भाषणांचे मसुदे लिहिता, बैठकांच्या नोंदी घेता, पाहुण्यांच्या याद्या करता. दोन-तीन वर्षं दुसऱ्यासाठी भाषण लिहिलं की स्वतः उभं राहायची भीती आपोआप कमी होते, कारण कुठलं वाक्य कुठे अडकतं ते कळलेलं असतं.

मराठी माध्यमाचं म्हणाल तर मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मुलाखतही मराठीत देता येते. पुढे इंग्रजी लागतंच, पण ते कामाचं लागतं, नटलेलं नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या अब्दुललाट गावचे ज्ञानेश्वर मुळे या सेवेत आले, जपानी शिकले, मालदीवमध्ये उच्चायुक्त आणि न्यूयॉर्कला महावाणिज्यदूत होऊन मंत्रालयात सचिवपदापर्यंत पोचले. गावाकडून आलेल्या माणसाला एक फायदा असतो, तो म्हणजे बोली बदलली की माणूस कसा उघडतो हे त्याला लहानपणापासून माहीत असतं. परक्या देशात तिथल्या बाजारात मोडकंतोडकं का होईना, त्यांच्या भाषेत बोललात की काय होतं ते बघाल.

तुम्ही मुलगी म्हणून वेगळं काही विचारलं नाहीत, पण अनेक जणींच्या आया मला ते बाजूला घेऊन विचारतात. सेवेतली पहिली महिला अधिकारी सी. बी. मुथम्मा १९४९ मध्ये आली. तेव्हा महिला अधिकाऱ्याला लग्नासाठी सरकारची परवानगी लागे. बढतीत डावललं गेल्यावर त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १९७९ मध्ये न्या. कृष्णा अय्यर यांनी अशा नियमांवर कडक ताशेरे ओढले. आज ते नियम नाहीत. दर तीन वर्षांनी घर हलणं, मुलांच्या शाळा, जोडीदाराची नोकरी हे प्रश्न मात्र आहेत, आणि ते घरात आधी मोकळेपणानं बोलून घ्यावेत.

आत्तापासून काय करायचं? परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्यांची साप्ताहिक पत्रकार परिषद यूट्यूबवर असते. ती नुसती बघू नका. प्रश्न आला की व्हिडिओ थांबवा, स्वतःचं उत्तर वहीत लिहा, मग प्रवक्त्यांचं ऐका. कोणत्या प्रश्नाला त्यांनी थेट उत्तर दिलं, कोणत्या प्रश्नाला जुनंच निवेदन पुन्हा वाचलं, काय मुद्दाम सोडलं, हे मांडत जा. सहा महिने हे केलंत तर कुठल्याही क्लासपेक्षा जास्त शिकाल. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजार समितीत एक दिवस घालवा आणि निर्यातदाराला विचारा की कुठल्या देशाचे कोणते कागद त्याला छळतात. मुलाखतीत व्यापाराबद्दल बोलताना ते उपयोगी पडेलच, पुढे वाणिज्य विभागात नेमणूक झाली तर त्याहून जास्त.

आणि २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. प्रयागराजच्या २०१९ च्या कुंभाआधी डिसेंबर २०१८ मध्ये अनेक देशांच्या राजदूतांना तिथे नेऊन तयारी दाखवली होती. आपल्याकडेही परदेशी पाहुणे येतीलच, सरकारी आणि बिनसरकारी. स्वयंसेवकांची नोंदणी सुरू झाली की नाव द्या आणि परदेशी पाहुण्यांच्या मदतीचं काम मागून घ्या. रामकुंडावर गर्दीत हरवलेल्या, आपली भाषा न समजणाऱ्या माणसाला त्याच्या मुक्कामावर पोचवणं, त्याच्या वकिलातीचा नंबर शोधून फोन लावून देणं, पोलिसांना त्याची अडचण समजावून सांगणं, हे सगळं तुम्हाला घराजवळच करायला मिळेल. तोवर अर्ज भरायची वेळ आली आणि पसंतीक्रमाबद्दल अजून शंका असली तर येऊन भेटा. शनिवारी सकाळी मी सार्वजनिक वाचनालयात असते.